जंगलालगतच्या कंटेनर घराची दुरुस्ती : कामाचा क्रम चुकला की पैसा दोनदा जातो

उमरेड रोड, कोंढाळी, रामटेक-मनसरच्या पुढचा पट्टा, हिंगण्याच्या पलीकडची शेतं. नागपूरच्या चहूबाजूंना सागाच्या रानाला लागून कंटेनरची घरं उभी राहिली आहेत. त्यातली बरीच आता सात-आठ वर्षांची झाली असून कुठे हात बदलून नव्या मालकाकडे आली आहेत. नवा मालक उत्साहाने रंग लावतो, फॉल्स सीलिंग करतो, एसी बसवतो. पहिला पाऊस येतो आणि सीलिंगमधून तांबडं पाणी ठिबकतं.

हे आमच्याही शेतावर झालं. २० फुटी कंटेनर होता. आतलं पॅनेलिंग नवं केलं, छताकडे बघितलंच नाही. जुलैत एका भिंतीचं पॅनेल फुगलं म्हणून उघडलं, तर मागचा पत्रा बोट टेकवताच आत गेला. सहा महिन्यांपूर्वी केलेलं सगळं काम काढावं लागलं. त्या वेळी आलेला वेल्डर एवढंच म्हणाला, "भाऊ, आधी आतलं काढा, मग बोलू." हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. कंटेनर आधीच जागेवर उभा आहे, आत जुनं पॅनेलिंग आहे आणि तुम्हाला ते घर नीट करायचं आहे, असं गृहीत धरलं आहे.

## कामाला हात लावण्याआधी : वेळापत्रक

नागपूरला हे काम करण्याचे दिवस मोजकेच मिळतात. दिवाळी झाली की सुरुवात करा आणि वेल्डिंग-कटिंगची सगळी कामं १५ फेब्रुवारीच्या आत संपवा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा वणव्याचा हंगाम असतो. त्या काळात सागाची पानगळ झालेली असते, जमिनीवर वाळल्या पानांचा वीतभर थर असतो आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धतही याच दिवसांत चालते, त्यामुळे आग तुमच्याकडून गेली नाही तरी तुमच्याकडे येऊ शकते.

पाहणी मात्र आदल्या पावसाळ्यातच करून ठेवा. ऑगस्टमधल्या एखाद्या मुसळधार दिवशी घरात दोन तास थांबा. कुठे ओल येते, कुठे थेंब पडतो, दार कुठे घासतं हे खडूने जागेवरच लिहून ठेवा आणि वहीत त्याची यादी करा. कोरड्या डिसेंबरमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

## टप्पा १ : कागद

हा भाग थोडक्यात सांगतो, पण वगळू नका.

१. सातबारा नव्याने काढा आणि त्यावर "झुडपी जंगल" अशी नोंद आहे का ते बघा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अशा नोंदी आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीन म्हणूनच धरल्या आहेत. नोंद असेल तर एक रुपयाही खर्च करण्याआधी वकिलाकडे जा.

२. जमीन पेंच, बोर किंवा उमरेड-कऱ्हांडला या संरक्षित जंगलांच्या जवळ असेल, तर गट नंबर इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये येतो का ते वन विभागाकडून लेखी घ्या.

३. "कंटेनर तात्पुरता असतो, त्याला परवानगी लागत नाही" असं विकणारे सांगतात. त्यावर विसंबू नका. तलाठी, ग्रामपंचायत आणि हद्दीत असाल तर एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), या तिन्ही ठिकाणी विचारा.

४. साग, मोह, ऐन, बिजा ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. आपल्या मालकीच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कंटेनरवर फांदी येते म्हणून करवत चालवण्याआधी अर्ज द्या.

## टप्पा २ : आतलं सगळं काढा

पॅनेलिंग, सीलिंग, त्यामागचं थर्माकोल किंवा फोम, खाली चिकटवलेलं व्हिनाइल, सगळं काढायचं. "एवढीच भिंत उघडून बघू" असं बहुतेक जण म्हणतात, आणि नेमकी दुसरी भिंत सडलेली निघते.

काढण्याआधी वीज मेन स्विचपासून बंद करा आणि पाण्याची लाइन सोडवा. जुन्या पॅनेलमागे पाल, विंचू, उंदराचं घरटं, कधी साप असतो. मण्यार दिवसा अशाच फटीत निपचित पडून असतो. पॅनेल वरून खाली, पहारीने, लांबून उचकटा आणि हात घालण्याआधी टॉर्च मारा. जाड हातमोजे आणि बूट हवेतच.

सावधान : मूळचा फ्लोअर हा साधारण २८ मिमी जाडीचा प्लायवूड असतो आणि जहाजावर कीड लागू नये म्हणून त्यावर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. कंटेनरच्या दारावरची धातूची सीएससी प्लेट (सुरक्षा-मान्यतेची पाटी) शाबूत असेल, तर लाकडावर कोणती प्रक्रिया झाली ते तिच्यावर लिहिलेलं असतं. या प्लायवर सँडिंग मशीन चालवू नका, त्याचे तुकडे शेकोटीत जाळू नका. डाग किंवा उग्र वास असेल तर तो भाग काढून टाका. बाकीचा चांगला असेल तर इपॉक्सीचे दोन हात देऊन सील करा आणि नवा फ्लोअर त्यावर घ्या.

तसंच जुना रंग. जहाजावरच्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असण्याची शक्यता असते. गॅसने जाळून काढू नका. पाणी मारत ओलं घासा, मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवसांत शेतावर आणू नका.

## टप्पा ३ : खरी पाहणी

आता कंटेनर आतून उघडा आहे. ही पाहणी एका दिवसाची आहे आणि पुढचा सगळा खर्च तिच्यावर ठरतो.

१. भर दुपारी, १२ ते २ च्या दरम्यान, आत जा. खिडक्यांना काळा कागद किंवा गोणपाट लावा, दार बंद करा आणि पाच मिनिटं काही न करता उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की छतात चांदण्यांसारखे ठिपके दिसायला लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे आरपार भोक. आतून खडूने गोल करा. आमच्या कंटेनरला १७ निघाले, त्यातले ११ एकाच वाकलेल्या खळग्यात होते. कोणीतरी कधीतरी छतावर उभं राहिलं होतं, पत्रा दबला होता आणि दर पावसाळ्यात तिथे पाणी साचत होतं.

२. लहान हातोडी घेऊन भिंतीवर, खालच्या बाजूने, दर वीतभर अंतरावर टिचकी मारत जा. चांगला पत्रा ठणकतो. गंजून पातळ झालेला पत्रा बद्द वाजतो. जिथे आवाज बदलला तिथे खूण करा. भिंतीचा पत्रा मुळातच दोन मिमीच्या आत असतो, त्यामुळे गंजाला खायला फारसं काही नसतं.

३. खाली झोपून कंटेनरच्या पोटाकडे बघा. जागा नसेल तर मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ काढा. आडवे लोखंडी बीम म्हणजे क्रॉस मेंबर कुठे पापुद्रे सोडताहेत ते दिसलं पाहिजे. वाळवीचे मातीचे मार्गही इथेच सापडतात.

४. आधीच्या मालकाने भिंत कापून मोठी काचेची खिडकी किंवा स्लायडिंग दार केलं असेल, तर त्याच्यावरच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधा. मध्ये झोल दिसला तर तिथे चौकटच दिलेली नाही किंवा कमी पडली आहे. कंटेनरची भिंत म्हणजे नुसता पडदा नाही. नालीदार पत्रा चार कोपऱ्यांच्या खांबांना बांधून ठेवतो. भिंत कापली की तो जोर दुसऱ्या कशाने तरी भरून काढावाच लागतो.

तपासा : चारही कोपऱ्यांची पातळी लेव्हल पाइपने घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एका कोपऱ्याला धरून पाणी जिथे येतं तिथे रेघ आणि दुसऱ्या कोपऱ्याला तसंच. दोघांनी मिळून वीस मिनिटांचं काम आहे. फरक कागदावर लिहून ठेवा, पुढच्या टप्प्याला लागेल.

## टप्पा ४ : पाया

कंटेनर घरांच्या निम्म्या तक्रारी इथून येतात, आणि दार घासतं म्हणून लोक सुताराला बोलावतात.

नागपूरच्या शेतातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत हात जातो. तिच्यावर विटांचे थर, रेल्वेचे जुने स्लीपर किंवा फरशी ठेवून टेकवलेला कंटेनर दर वर्षी थोडा थोडा वाकडा होतो. एक कोपरा बसला की सगळी पेटी पिळवटते. आधी दार घासतं, मग खिडकीची काच तडकते, मग छताच्या सांध्यातून पाणी येतं.

१. चारही कोपऱ्यांखाली काळी माती ओलांडून पक्का मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. किती फुटांवर लागेल ते शेजारच्या विहिरीवर किंवा बोअरवाल्याला विचारा, गावात ठाऊक असतं.

२. आरसीसीचा चौथरा जमिनीच्या वर दीड ते दोन फूट आणा. खालून हवा खेळली पाहिजे आणि खराट्याने पाला ओढता आला पाहिजे. ४० फुटी असेल तर मध्येही आधार द्या, विशेषतः बाजूची भिंत कापलेली असेल तर.

३. चौथऱ्याच्या माथ्यावर लोखंडी प्लेट बसवून घ्या. तिला खाली काँक्रीटमध्ये गेलेले अँकर हवेत.

४. कंटेनर हलवण्यासाठी जमेल तर हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलवा. रिकामा २० फुटी साधारण सव्वादोन टनांचा असतो, ४० फुटी पावणेचार टनांच्या आसपास. आतलं काढलेलं असल्यामुळे हे काम आत्ताच सोपं आहे. कंटेनर बाजूला स्लीपरवर ठेवा, चारही पाये एकदम करा, काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारा, मग कंटेनर परत बसवा. हायड्रा येण्याच्या वाटेवर विजेच्या तारा किती उंचीवर आहेत ते आधी बघून ठेवा.

५. हायड्रा पोहोचत नसेल तर जॅक लावून एक-एक कोपरा करा. जॅकखाली जाड लोखंडी प्लेट हवी, नाहीतर तो जमिनीतच घुसतो. एका वेळी १० ते १५ मिमीच उचला आणि लगेच लाकडी ठोकळे सरकवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या कंटेनरखाली कोणीही, एक मिनिटही जायचं नाही.

६. कंटेनर स्लीपरवर किंवा ठोकळ्यांवर भक्कम टेकलेला आहे तोवर पोटाचं काम उरका. तारेच्या ब्रशने गंज काढा, इपॉक्सी प्रायमर द्या, वर बिट्युमिनस रंगाचे दोन हात द्या. एकदा खाली बसला की पुन्हा तिथे ब्रश पोहोचत नाही.

कंटेनर प्लेटला एका टोकाला पक्का वेल्ड करा. दुसऱ्या टोकाला लांबट भोकाची क्लिप आणि बोल्ट द्या. पौषातली पहाट आणि नवतप्यातली (मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली) दुपार यांत ४० फुटी पेटीची लांबी काही मिलिमीटरने बदलते. दोन्हीकडून जखडली तर वेल्ड तडकतो.

तपासा : बसवल्यावर पुन्हा लेव्हल पाइप लावा आणि त्या पातळीची रेघ चारही चौथऱ्यांवर रंगाने मारून ठेवा. समोरासमोरच्या कोपऱ्यांचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्ण सारखे आले आणि दार एका बोटाने मिटलं की पुढे जा. नाहीतर प्लेटखाली शिम (पातळ लोखंडी पट्टी) सरकवून आत्ताच दुरुस्त करा.

## टप्पा ५ : गंज, ठिगळं आणि चौकटी

क्रम असा : आधी वेल्डिंगचं सगळं काम, मग गंज काढणं, मग प्रायमर, मग रंग. प्रायमर आधी मारून नंतर खिडकीची चौकट वेल्ड केली तर चौकटीभोवतीचा रंग जळतो. तिथूनच पहिला गंज धरतो.

१. आरपार भोकं आणि पातळ जागा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढा. २ मिमीचा पत्रा वर घेऊन चारही बाजूंनी अखंड वेल्ड करा. टाके टाकून मधल्या फटीत सिलिकॉन भरणारा कारागीर असेल तर काम थांबवा. सिलिकॉन कायमचं टिकत नाही, आणि सुटलेल्या कडेत पाणी अडकून राहतं.

२. छतावरचे खळगे आतून लाकडी ठोकळा आणि जॅक लावून हळूहळू वर उचला, म्हणजे पाणी साचणार नाही. छताच्या मधोमध उभं राहू नका. जायचंच असेल तर कडेच्या रेलवर (छताच्या कडेचा लोखंडी बीम) फळी टाकून जा.

३. नवी खिडकी कापायची असेल तर आतून ५० × ५० मिमी, ३ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपची चौकट आधी भिंतीला वेल्ड करा आणि मगच पत्रा कापा. कापून मग चौकट शोधायला गेलं की भोक तिरकं झालेलं असतं. कोपऱ्याच्या खांबापासून निदान एक फूट सोडा. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत एकाच जागी मोठी भोकं घेऊ नका. मोठं दार हवं असेल तर वरच्या रेलखाली किती जाड बीम लागेल ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. एवढा एक खर्च वाचवू नका.

४. पश्चिमेच्या भिंतीला मोठी काच नको. जंगलाचा देखावा त्याच बाजूला असतो आणि मन होतं, हे मान्य. पण एप्रिल-मे मध्ये दुपारी ३ नंतर त्या खोलीत बसता येणार नाही. देखावा हवा तर उत्तरेला घ्या.

सावधान : वेल्डिंगच्या जागेपासून आजूबाजूचा पाला झाडून माती उघडी करा. पाण्याचे दोन ड्रम आणि ओली गोणपाटं जवळ ठेवा. काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच थांबला पाहिजे. आत फोमचा एकही तुकडा शिल्लक असताना वेल्डिंग करू नका. पीयू (पॉलियुरेथेन) फोम पेटला तर त्याचा धूर बंद पेटीत माणसाला दाराकडे येण्याइतकाही वेळ देत नाही.

आता रंग. तारेचा ब्रश आणि कप ब्रश लावलेला ग्राइंडर वापरून सुटा गंज काढा, फडक्याने पुसा, त्याच दिवशी झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर द्या. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. डिसेंबरमध्ये जंगलालगत दंव भरपूर पडतं, म्हणून सकाळी पत्रा हाताला कोरडा आणि किंचित कोमट लागल्याशिवाय ब्रश उचलू नका. बहुधा १० वाजून जातात. ४ नंतर थांबा. वरचा रंग पांढरा किंवा फिकट घ्या. जंगलात मिसळून जावा म्हणून गडद हिरवा देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा पत्रा मे महिन्यात तव्यासारखा होतो.

## टप्पा ६ : दुसरं छप्पर

माझ्या मते नागपुरात कंटेनर घर राहण्याजोगं करणारी ही एकच गोष्ट आहे. बाकी सगळं तिच्या मदतीला. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उघड्या कंटेनरवर कितीही टनांचा एसी लावा, तो दिवसभर धापा टाकतो. छताच्या पत्र्यावर ऊनच पडलं नाही तर निम्मी लढाई तिथेच संपते.

१. कंटेनरच्या छतावर एक ते दीड फूट मोकळी जागा सोडून वर टिनाचं दुसरं छप्पर घ्या. मधून वारा आरपार गेला पाहिजे.

२. या छपराचे खांब कोपऱ्याच्या खांबांच्या माथ्यावर किंवा सरळ जमिनीतल्या स्वतंत्र पायावर उभे करा. छताच्या पत्र्यावर कधीच टेकवू नका, आणि त्यासाठी छताला एकही भोक पाडू नका.

३. पश्चिम आणि दक्षिणेला छप्पर निदान तीन फूट पुढे काढा. भिंतींवरची सावली तिथूनच येते.

४. पत्र्याखालच्या पर्लिन (पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) एकमेकींपासून तीन फुटांपेक्षा लांब ठेवू नका. वानरांची टोळी शेजारच्या मोहावरून थेट टिनावर उडी घेते, आणि पातळ पत्रा दोन पर्लिनच्या मध्ये दबतो.

५. खांबांना तिरके ब्रेसिंग द्या. मे-जूनचं वादळ खालून शिरतं आणि छप्पर उचलतं, म्हणून पत्रा दर पर्लिनवर बोल्टने आवळलेला हवा आणि खांब पायाशी प्लेटने धरलेले हवेत. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर घ्या, नालीत नको.

६. दोन छपरांमधल्या फटीला चारही बाजूंनी जाळी लावा. नाहीतर खारी घरटी करतील आणि वाळली पानं वाऱ्याने आत जाऊन साचतील. फेब्रुवारीत ती पानं म्हणजे डोक्यावर ठेवलेलं सरण होय. जाळीचा एक भाग बिजागरीचा ठेवा, म्हणजे झाडू आत जातो.

गटर लावू नका, असं माझं मत. सागाचं एक पान सुपाएवढं असतं आणि चार पानांत गटर तुंबतं. पाणी सरळ खाली पडू द्या आणि जिथे पडतं तिथे तीन फुटी गोट्यांचा पट्टा करा. म्हणजे चिखल भिंतीवर उडणार नाही.

तपासा : आता, आत काहीही लावण्याआधी, पाण्याची परीक्षा घ्या. पाइपने कंटेनरच्या भिंतीवर खालून सुरुवात करून वर जा आणि शेवटी छतावर पाणी मारा. प्रत्येक भागावर वीस मिनिटं. एक जण आत टॉर्च आणि खडू घेऊन बसेल. वरून सुरुवात केली तर गळती कुठून हे कळत नाही, कारण पाणी सगळीकडून ओघळत येतं. आत थेंबभरही ओल दिसली तर टप्पा ५ कडे परत जा.

## टप्पा ७ : वीज, आणि तीही पत्र्याच्या घरातली

विटांच्या घरात वायर सोलली गेली तर एका जागी शॉक बसतो. इथे सगळं घरच तार होतं. म्हणून :

कंटेनरच्या लोखंडाला दोन ठिकाणी जाड पट्टी जोडून स्वतंत्र अर्थिंग द्या. वरचं छप्परही त्याला जोडा. मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. वायर सगळीकडे पीव्हीसी पाइपातून न्या. पत्र्यातून आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाला, कारण कापलेली कड ब्लेडसारखी असते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी टाका, कोरड्या मुरमात अर्थिंग नावालाच उरतं.

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पाइप टाकून झाल्यावर प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप उघडून ठेवून. पुढे फळी ठोकताना खिळा कुठे मारू नये ते त्या फोटोत दिसतं.

## टप्पा ८ : इन्सुलेशन आणि आतली भिंत

थर्माकोलच्या शीट चिकटवून वर प्लाय मारणं ही इथली नेहमीची पद्धत आहे आणि नेहमीची चूकही. भिंतीचा पत्रा नालीदार, शीट सपाट. मधे पोकळी राहते. हिवाळ्याच्या रात्री पारा १० च्या खाली गेला की माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ त्या पोकळीत थंड पत्र्यावर जमते आणि आतल्या आत ओघळते. भिंतीला घाम येतो असं लोक म्हणतात, ते हेच. बाहेरून एक थेंब आला नसतानाही पत्रा आतून सडतो. मुंग्या आणि उंदीर थर्माकोल पोखरतात ते वेगळंच.

१. बंद पेशींचा पीयू फोम थेट पत्र्यावर फवारून घ्या, छताला आणि भिंतींना निदान ५० मिमी. तो नालीत भरतो, पोकळी राहत नाही. फवारताना पत्रा पूर्ण कोरडा आणि पुसलेला हवा.

२. पॅनेल धरणारी लोखंडी फ्रेम पत्र्याला सरळ वेल्ड करू नका. मधे लाकडाचा किंवा रबराचा तुकडा द्या, नाहीतर त्या रेषेवरून उष्णता थेट आत येते. मे महिन्यात भिंतीवर हात फिरवला तर फ्रेम कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येतं, इतका फरक असतो.

३. फोम उघडा ठेवू नका. वर फायबर सिमेंट बोर्ड घ्या. तो पावसाळ्यात फुगत नाही, उंदीर कुरतडत नाहीत आणि आगीला लवकर दाद देत नाही. प्लायवूड स्वस्त वाटतो, पण जंगलालगत वाळवीला आमंत्रण देतो.

४. पोटाखालूनही फोमचा हात द्या, बजेट उरलं तर. नसेल तर नुसत्या फ्लोअरवर भागेल.

कूलरबद्दल. नागपूरकर कूलरशिवाय राहणार नाही आणि राहूही नये. एप्रिल-मे च्या कोरड्या हवेत तो एसीपेक्षा सुखाचा. मात्र तो कंटेनरच्या भिंतीला टांगू नका. सावलीच्या बाजूला, जमिनीवर वेगळ्या स्टँडवर ठेवा. सांडणारं पाणी पायापासून दूर न्या. समोरच्या भिंतीत उंचावर हवा बाहेर जायला खिडकी हवी, ती उघडी नसेल तर घर दमट पेटी होते. मृगाचा पाऊस बसला की कूलर बंद करा. जुलैत चालवलेला कूलर आठ दिवसांत बोर्डाच्या मागे बुरशी आणतो.

## टप्पा ९ : घराभोवतीचं रान

१. घराभोवती ३० फूट पट्टा जानेवारीअखेर स्वच्छ करा आणि पावसापर्यंत दर आठवड्याला पाला ओढा. ओढलेला पाला जाळू नका, खड्ड्यात टाकून पाणी मारा, खत होतं. गॅस सिलिंडर, सरपण आणि रंगाचे डबे या पट्ट्यात नकोत.

२. कंटेनरखालच्या मोकळ्या जागेला बारीक जाळी लावा, बोट आत जाणार नाही इतकी बारीक. हवा खेळेल आणि नाग, घोणस आत आसरा घेणार नाहीत. एक बाजू उघडता येईल अशी ठेवा.

३. दारावरचा दिवा पांढऱ्याऐवजी पिवळा घ्या आणि दारापासून चार पावलं लांब लावा. दिव्याला किडे, किड्यांना बेडूक, बेडकांना साप, अशी ही रांग असते. ती पायरीवर यायला नको.

४. खरकटं उघड्यावर टाकू नका, रानडुकरं आणि अस्वलं वास धरून येतात. कुत्रा रात्री बाहेर बांधू नका, बिबट्या त्याच्याचसाठी येतो. कुंपणात थेट लाइनचा करंट सोडण्याचा विचारही नको. तो गुन्हा आहे, आणि त्यात जनावरांबरोबर शेजारचा गुराखीही मरतो.

५. शोषखड्डा काळ्या मातीत संपवू नका, पावसाळ्यात तो भरून उलटा येतो. मुरमापर्यंत न्या आणि विहिरीपासून लांब ठेवा.

## टप्पा १० : पहिलं वर्ष

आतलं फर्निचर पहिल्या पावसाळ्यानंतर करा. तोवर खाट, टेबल, एक रॅक एवढ्यावर भागवा. भिंतीला पक्की कपाटं ठोकली तर मागे काय चाललंय ते दिसत नाही.

पहिल्या जोरदार पावसात शेतावर जा आणि आदल्या वर्षी केलेल्या खडूच्या खुणांची यादी हातात घेऊन एक-एक जागा बघा. नवतप्यात दुपारी ३ वाजता आतल्या प्रत्येक भिंतीवर तळहात ठेवा. एखादी पट्टी जास्त तापली असेल तर तिथे फोम पातळ आहे, वही काढून जागा लिहा. वादळांआधी, एप्रिलच्या शेवटी, वरच्या छपराचा प्रत्येक बोल्ट पान्याने आवळा.

आणि ऑक्टोबरमध्ये, माती फुगून पुन्हा आकसायला लागली की, चारही चौथऱ्यांवर रंगाने मारलेल्या रेघांना लेव्हल पाइप लावा. पहिल्या वर्षी एखादा कोपरा दोन-तीन मिमी हललेला आढळतो. तेवढ्याला प्लेटखाली एक शिम पुरते, पण ती त्याच आठवड्यात घाला.